पटावरची जीप

सावद्याचे केळीवाले भाईदासभाऊ जीप घेऊन एरंडोलला हिलाल मिस्त्रीच्या दारात आले, ते गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला लागले. भडगावजवळच्या माळावर माघात बैलांचा शंकरपट भरायचा. बैलजोड्या पळून झाल्या की त्याच पटावर दोन-दोन मोटारी सोडायची टूम गेल्या साली निघाली होती. पट म्हणजे सरळ, टणक, दोन्ही बाजूंनी चुना मारलेली जमीन. एका टोकाला निशाण पडायचं, दुसऱ्या टोकाला दोर ताणलेला असायचा. वळण नाही, चढ नाही. जो आधी दोर तोडेल तो खरा.

"पळायला लागली की माझी जीप कुणाला हार जात नाही," भाईदासभाऊ म्हणाले. "पण निशाण पडल्यावर जागची उठतच नाही. डबक्यात बसलेल्या म्हशीगत करते. तोवर तो जामनेरचा तोताराम निम्मा पट मारून जातो. लोक हसले हो मिस्त्री. माझ्या सासुरवाडीचे लोक होते तिथं."

जीप लढाईनंतर देवळालीला झालेल्या लष्करी लिलावातली होती. भाऊ ती मळ्यात, बाजारात, लग्नकार्यात, सगळीकडे फिरवायचे. तिच्यावर ड्रायव्हर होता पितांबर. तो हिलाल मिस्त्रीच्या बहिणीचा मुलगा. बहीण आणि मेहुणे पटकीच्या साथीत गेले, तेव्हापासून तो मिस्त्रीच्या घरीच वाढला. मिस्त्रीला आणि झुंबरबाईला स्वतःचं मूल झालं नाही, पण पितांबर आल्यावर त्या गोष्टीचा विषय घरात कधी निघाला नाही.

मिस्त्री जीपखाली सरकला, मागच्या चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यावर हात फिरवून बाहेर आला.

"इंजिनाचं काम करू," तो म्हणाला. "पण खरी गोम इथं आहे. या गोळ्यात दोन दातेरी चक्रं असतात, मोठं क्राऊन आणि लहान पिनियन. इंजिनाचा जोर त्यांच्यातून चाकाला जातो. तुमच्या जीपचे दात लांब रस्त्यासाठी केलेले आहेत. पट लहान. एवढ्याशा अंतरात तिची धाव बाहेर पडायच्या आत पट संपतो. हे दात काढून दुसरे घातले, तर जीपचा पुढचा वेग थोडा घटेल, पण सुटताना जोर येईल."

"किती जोर?"

"पितांबरला सीट धरून बसावं लागेल इतका."

भाईदासभाऊ खूश झाले. त्यांनी जीप तिथंच ठेवली आणि एसटीनं सावद्याला गेले.

काम मिस्त्रीच्या आवडीचं होतं. इंजिनाचं हेड उतरवून त्यानं जळगावला लेथवर पाठवलं आणि खालून थोडं तासून आणवलं, म्हणजे आतला दाब वाढतो. झडपा घासून बसवल्या. कार्बुरेटर उघडून पेट्रोलची धार वाढवली. ठिणगी किंचित आधी पडेल अशी जुळणी केली. मग धुळ्याला एका मोडीत निघालेल्या नव्या बनावटीच्या जीपचं क्राऊन-पिनियन मिळालं, ते पितांबर पोत्यात गुंडाळून घेऊन आला. दात चांगले होते. पिनियनची बेअरिंग मात्र जुनीच होती. नवीन बेअरिंग धुळ्यात नव्हती, जळगावात नव्हती. मुंबईहून मागवायची तर पट उलटून गेला असता. मिस्त्रीनं ती रॉकेलमध्ये धुतली, बोटावर फिरवून पाहिली आणि बसवली.

पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा त्यानं काढूनच टाकला. मागचे दात बदलले आणि पुढचे जुनेच राहिले, तर दोन्हीकडची चाकं एकमेकांशी भांडतात.

दात बसवणं हे नाजूक काम. पिनियन क्राऊनमध्ये केसभर जास्त शिरलं तरी वाईट, केसभर बाहेर राहिलं तरी वाईट. त्यासाठी त्याच्या पाठीमागे पातळ पत्र्याच्या चकत्या घालून किंवा काढून त्याला पुढेमागे करायचं. मिस्त्री दातांना तेलात कालवलेला शेंदूर फासायचा आणि चाक हातानं फिरवायचा. जिथं दात दाताला लागतो तिथला शेंदूर पुसला जातो, आणि किती बरोबर बसलंय ते दिसतं. शेंदूर दाताच्या मधोमध पुसला गेला. मिस्त्रीचं समाधान झालं.

पण शेंदूर अर्धीच गोष्ट सांगतो, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. हातानं फिरवताना बरोबर बसलेले दात गाडीच्या ओझ्याखाली जरा सरकतात. उरलेलं गाडी रस्त्यावर पळवून कानानं ऐकायचं असतं. आणि पारोळ्यापासून धरणगावापर्यंत हिलाल मिस्त्रीचं नाव होतं ते त्या कानासाठीच. बॉनेटला कान लावून तो कुठली झडप आजारी आहे ते सांगायचा.

पितांबरनं जीप धरणगावच्या रस्त्यावर पळवून आणली. मिस्त्री त्याच्या शेजारी बसला होता.

"मामा, काही वाजस का?" पितांबरनं विचारलं. "माले तर वाऱ्यामुळे कयत नही."

मिस्त्रीला इंजिनाची घरघर ऐकू येत होती. वारा ऐकू येत होता. त्याखाली काही बारीक आवाज आहे की नाही, ते त्याला कळत नव्हतं. वर्षभर असंच चाललं होतं. आधी कानात रातकिडे बसल्यासारखं झालं, मग एकेक बारीक आवाज नाहीसा होत गेला. चिमण्या गेल्या. चुलीवरच्या भाकरीचा पोपडा फुटल्याचा आवाज गेला. घड्याळ गेलं. जाड आवाज राहिले, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, निदान मिस्त्रीला तसं वाटत होतं.

"नही," तो म्हणाला. "चांगली शे."

पितांबरनं मान हलवली. मामानं सांगितलं म्हणजे झालं.

दुपारी झुंबरबाई भाकरी घेऊन गॅरेजवर आली. पितांबर जेवून पानाच्या टपरीकडे गेला, तेव्हा ती मिस्त्रीच्या समोर येऊन बसली. अलीकडे ती नेहमी समोर येऊनच बोलायची.

"जीप बरी नही," ती म्हणाली. "मी विहिरीवर व्हतू. तुम्ही दोन्ही गयात तवय ऐकं. पितांबर पाय काढस तवय मांगेतून आवाज येस."

"कसा आवाज?"

"रिकामं जातं फिरस ना, तसा."

मिस्त्रीनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "माले काही ऐकू उनं नही," तो म्हणाला.

"माले ठाऊक शे."

त्यानं वर पाहिलं.

"दिवाळीपासून मनी हाक तुमले ऐकू येत नही. ताट वाजाडस तवय तुम्ही जेवाले येतस."

मिस्त्रीला आधी राग आला. कशाचा ते त्यालाही सांगता आलं नसतं. बायकोला कळलं याचा असेल, किंवा तिनं इतके दिवस बोलून दाखवलं नाही याचा. ताट बाजूला सारून तो उठला, पान्हे उगाच इकडचे तिकडे केले. झुंबरबाई बसूनच राहिली. तो परत फिरला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गाडीमा तो बससे. तो मना बी पोऱ्या शे."

मिस्त्रीनं हातातला पान्हा खाली ठेवला. दात नीट बसले नाहीत आणि पटावर पूर्ण जोरात असताना एखादा तुटून क्राऊनमध्ये अडकला, तर मागची चाकं जागच्या जागी आवळली जातात. तसं झाल्यावर गाडी सरळ राहत नाही. मिस्त्रीनं असा एक ट्रक शिरपूरच्या अलीकडे पाहिला होता. त्याच्या ड्रायव्हरलाही पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पितांबर आला, तर मामी जीपच्या मागच्या बाकावर पदर खोचून बसलेली. तो हसला. मिस्त्री हसला नाही.

"माले बारीक आवाज आते ऐकू येत नही," तो पितांबरला म्हणाला. "काल मी तुले खोटं सांगं. मामी ऐकी. तू हाक."

पितांबर मामाच्या तोंडासमोर येऊन, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाला, "कोठे जावानं शे?"

त्या सावकाशीनं मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पद्मालयना रस्तावर," तो म्हणाला आणि बसला.

रस्ता मोकळा होता. झुंबरबाई बाकावरून खाली सरकली आणि जीपच्या पत्र्याला कान लावून, एका हातानं कड धरून आडवी झाली. मिस्त्री मागे वळून तिचं तोंड बघत बसला. पितांबर जोर द्यायचा, पाय काढायचा, पुन्हा जोर द्यायचा. जोर असताना ती मान हलवायची, काही नाही. पाय काढला की हात वर करायची. हात वर गेला की मिस्त्रीला आवाज ऐकू आल्यासारखंच व्हायचं. ओढताना गप्प आणि सोडताना वाजते, म्हणजे पिनियन केसभर जास्त आत शिरलंय.

परत येऊन गोळा उघडला, मागची एक चकती काढली, पुन्हा बांधलं. पुन्हा पद्मालयचा रस्ता. आता रिकाम्या जात्याचा आवाज गेला होता, पण झुंबरबाई म्हणाली, जोर देताना मधमाशी घोंघावल्यासारखं होतंय. म्हणजे आता पिनियन केसभर बाहेर राहिलं होतं; मिस्त्रीनं काढलेल्या चकतीहून पातळ चकती कातरीनं कापून घातली. पुढच्या खेपेला ती पत्र्याला कान लावून बराच वेळ पडून राहिली आणि मग उठून बसली.

"आते फक्त वारा शे," ती म्हणाली.

नाक्यावरच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांना दोन दिवस हा तमाशा पुरला. बाई जीपमध्ये आडवी पडून फिरते, मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत बसतो. कुणी काय, कुणी काय बोललं. शेवटी एकाला खरी गोष्ट कळली आणि ती सावद्याला पोचायला वेळ लागला नाही.

भाईदासभाऊ आले तेव्हा तोंड पडलेलं होतं. ते वाईट बोलणारे गृहस्थ नव्हते, पण जीप त्यांची होती.

"मिस्त्री, राग मानू नका," ते म्हणाले. "पण लोक म्हणतात तुम्हाला ऐकू येत नाही. मग मी गाडी धुळ्याला दाखवून आणतो. एकदा दुसऱ्या कुणाच्या कानाखालून जाऊ दे."

मिस्त्रीला निम्मे शब्द कळले, निम्मे त्यांच्या चेहऱ्यावरून. "घेऊन जा," तो म्हणाला. "तुमचं बरोबर आहे. मी आधीच सांगायला पाहिजे होतं."

"भाऊ, गाडीत बसणारा मी आहे," पितांबर म्हणाला. "मला दुसऱ्या कुणाकडे न्यायची गरज वाटत नाही."

भाईदासभाऊ दाराशी उभ्या असलेल्या झुंबरबाईकडे वळले. "अक्का, तुम्ही सांगा. कशी वाजते?"

"आते काहीच वाजत नही, भाऊ."

भाऊंनी जीपभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ मारून पाहिली. "बरं," ते म्हणाले. "तुमच्या भरवशावर."

पटाच्या दिवशी भडगावच्या माळावर धुळीचा डोंब उसळला होता. बैलांचे फेरे संपले आणि लोक मोटारींसाठी पुढे सरकले. बाया एका बाजूला बाभळीच्या रांगेपाशी उभ्या होत्या, त्यांच्यात झुंबरबाई. मिस्त्री सुटण्याच्या टोकाशी भाईदासभाऊंबरोबर होता. जामनेरची जीप आली, तिच्यावर तोताराम, डोक्याला लाल रुमाल बांधलेला. त्यानं पितांबरला रामराम केला.

निशाण पडलं. मिस्त्रीला पायाखालची जमीन थरथरलेली कळली. भाऊंची जीप जागेवरून अशी उठली की मागच्या चाकांची माती मागे उभ्या असलेल्यांच्या तोंडावर आली. भाईदासभाऊंनी तोंड न पुसता मिस्त्रीचा दंड धरला. पितांबर दोन जीपभर पुढे होता. निम्म्या पटापर्यंत तसाच होता. मग वेग भरला, नव्या दातांची धाव संपत आली आणि तोताराम इंचाइंचानं जवळ येत गेला. मिस्त्रीला हे आधीच माहीत होतं, तरी त्याच्या मुठी वळल्या होत्या. दोर तुटला तेव्हा दोन्ही जीपगाड्या धुळीत एकत्र दिसत होत्या.

पंचांनी आपसांत बोलून सांगितलं, बरोबरी. फेरा पुन्हा होईल.

माळावर एकच गलका झाला. पितांबर जीप सावकाश माघारी घेऊन येत होता, दोन्ही बाजूंनी लोक तिच्या पत्र्यावर थापा मारत होते. जीप बायांच्या रांगेपुढून गेली आणि मिस्त्रीला दिसलं की झुंबरबाई रांगेतून बाहेर पडलीय. त्या पटावर बायका आजवर चुन्याच्या रेघेच्या आत आल्या नव्हत्या. ती गर्दीत घुसली, पुरुषांना हातानं बाजूला सारत, डोक्यावरचा पदर घसरलेला, सरळ मिस्त्रीसमोर येऊन उभी राहिली.

"दुसरा आवाज येस," ती धापा टाकत म्हणाली. "दातखाले खडा येस ना, तसा. थांबी थांबी."

मिस्त्री खाली वाकला. मागच्या गोळ्यावर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला. पिनियनच्या बाजूनं तेल पाझरत होतं आणि त्याला जळका वास होता. जुनी बेअरिंग. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

"भाऊ," तो भाईदासभाऊंना म्हणाला, "ही आता पळवायची नाही."

"मिस्त्री, बरोबरी झालीय. नाही पळवली तर हरलो."

"हरलो."

तोताराम तिकडे जीप वळवून उभा होता. लोक शिट्ट्या मारत होते. कुणीतरी ओरडलं, केळीवाल्याची हवा गेली. पितांबर सीटवरून उतरला नव्हता. त्याचे डोळे चमकत होते, अंगात अजून तो फेरा होता.

"एकच खेप, मामा," तो म्हणाला. "तेवढी काढी टाकी ती."

मिस्त्रीला ओठांवरून कळलं. तो काही बोलायच्या आत झुंबरबाईनं जीपजवळ जाऊन पितांबरच्या मनगटावर हात ठेवला.

"उतर खाले," ती म्हणाली.

पितांबरनं मालकाकडे पाहिलं. भाईदासभाऊंचा चेहरा लाल झाला होता. सासुरवाडीची माणसं या वर्षीही आली होती, समोरच उभी होती. भाऊंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा झुंबरबाईच्या हाताकडे. मग खाली बघत म्हणाले, "उतर. पोरगं त्यांचं आहे." आणि पंचांकडे जाऊन त्यांनी हार सांगितली. मानाचा फेटा तोतारामच्या डोक्याला बांधला गेला. भाऊ तिथं थांबले नाहीत.

जीप बैलांनी ओढत एरंडोलला आणली. दुसऱ्या दिवशी भाईदासभाऊ आले, कुणाशी न बोलता लाकडी पेटीवर बसले. मिस्त्रीनं त्यांच्यासमोरच गोळा उघडला. तेलात चमचमणारा लोखंडाचा चुरा होता. पिनियनच्या बेअरिंगचं कडं फुटलं होतं, गोळ्या निळ्या पडल्या होत्या, आणि पिनियन हातानं हलवलं तर खुळखुळत होतं. एका दाताच्या मुळाशी भेग गेली होती. मिस्त्रीनं त्यावर हलकी हातोडी मारली. दात निसटून तेलात पडला.

भाऊंनी तो उचलला, रुमालानं पुसला आणि तळहातावर तोलून पाहिला.

"हा पटावर निघाला असता," ते म्हणाले.

"हो."

"मग?"

मिस्त्रीनं पितांबरकडे पाहिलं. तो बाजूला उभा राहून दात तुटलेली जागा बघत होता.

"बेअरिंग जुनी होती, भाऊ," मिस्त्री म्हणाला. "नवीन मिळाली नाही म्हणून मीच घातली. ती चूक माझी. दात बरोबर बसले होते."

"बरोबर बसले होते," भाईदासभाऊ म्हणाले. "सुटली होती ती. मी पाहिलं ना. माझ्या जन्मात कुठली गाडी अशी सुटलेली मी पाहिली नाही." ते उठले, झुंबरबाई पाणी घेऊन उभी होती तिच्याकडे गेले. तांब्या हातात घेण्यापूर्वी त्यांनी तिला हात जोडले. ती संकोचून मागे सरकली.

जीप पुन्हा पटावर गेली नाही. भाऊंनी नवीन बेअरिंग मुंबईहून मागवली, पण जुने दात परत घालून घेतले आणि जीप मळ्यात लावली. जळगावच्या डॉक्टरांनी मिस्त्रीचे कान तपासून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा. मिस्त्रीनं ते ऐकून घेतलं आणि तो गॅरेजवर येऊन कामाला लागला. मग एके दिवशी झुंबरबाई भाकरी घेऊन आली, तेव्हा त्यानं तिला जाऊ दिलं नाही. एका बसचं इंजिन चालू करून त्यानं तिच्या हातात लांब पेचकस दिला, त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला कशी लावायची ते दाखवलं.

"हाई काय सांगस?" त्यानं विचारलं.

ती टोक एकेका सिलिंडरवर ठेवत डोळे मिटून ऐकत गेली आणि तिसऱ्यापाशी थांबली. "एकजन दुसरासना मांगे चालस," ती म्हणाली. "लंगडस."

मिस्त्री तिसऱ्या सिलिंडरची झडप खोलायला वाकला.

नाक्यावरच्या हॉटेलात पुढचं वर्षभर बोलणं चाललं. नंतर ते आपोआप थंडावलं, कारण बोलणाऱ्यांच्याही गाड्या तिथंच यायच्या. पारोळ्याहून एक ट्रकवाला आला, म्हातारा, मिस्त्रीचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं ट्रक दारात लावला आणि मिस्त्रीला रामराम घालून थेट आत गेला, जिथं झुंबरबाई ज्वारी निवडत बसली होती.

"अक्का," तो म्हणाला, "चढावर जोर दिला की मागे काहीतरी हुंकारतं. येता का जरा ऐकायला?"

झुंबरबाईनं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि मिस्त्रीला समोरून हाक मारून ट्रककडे निघाली.